एअर फिल्टरचा डबा

कार्बोरेटर मला कळतो, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई रागाच्या भरात काहीही बरळते. कुंभकोणमला महामहम तळ्याच्या मागच्या रस्त्यावर आमचं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. नवरा होता तोवर इंजिन तो खोलायचा आणि कार्बोरेटर माझ्याकडे असायचा, कारण त्याच्या जाड बोटांत पेट्रोल सोडणारे ते इवलेसे जेट काही ठरायचे नाहीत. तो गेला, आता दोन्ही मीच करते. गिऱ्हाइकं मला अक्का म्हणतात, सकाळी गाडी लावून जातात आणि संध्याकाळी घेऊन जातात. अख्ख्या गावात कुणाला माझ्या हाताबद्दल शंका नाही. शंका निघाली ती माझ्या माहेरी, तीही एक अक्षर न बोलता.

माहेर म्हणजे आता थोरले भाऊ, अण्णा. त्यांचं घर तिरुवलंचुळीला, आणि घरापासून दोन मैलांवर पाटाखालची भाताची शेती. आम्ही तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आलेल्या घरांपैकी. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं पिढ्यान् पिढ्या चाललंय. दरबार गेला, मान गेला, जमीन तेवढी राहिली, आणि ती अण्णांनी आयुष्यभर स्वतः कसली. मग साखरेच्या दुखण्यात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पाय गेला त्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही, निदान आमच्यासमोर तरी नाही. शेतावर जाणं बंद झालं, ते मात्र त्यांना आतून खात होतं. शेवटच्या तुकड्यापर्यंत पाटाच्या काठाने बैलगाडीचा जुना बांध जातो. रुंद आहे, पण कापणीची यंत्रं यायला लागल्यापासून त्यावर ढोपरभर चाकोऱ्या पडल्या आहेत, आणि मध्ये एके ठिकाणी पाटाचं पाणी बांधावरूनच वाहतं. तिथे स्कूटर जात नाही, रिक्षा जात नाही आणि कुबडी तर नाहीच नाही. चार वर्षं अण्णा ओसरीवर बसून गडी सांगेल ते ऐकत राहिले. पाणी सोडलं म्हणाला की सोडलं, कीड नाही म्हणाला की नाही.

आमचा धाकटा भाऊ चेन्नईला असतो. जमीन त्याच्या आणि अण्णांच्या नावावर. तो दर फोनला एकच पालुपद लावायचा की अण्णांना तिथे जाता येत नाही, मला वेळ नाही, मग ठेवून करायचं काय, विकून मोकळं होऊ. शेवटी अण्णा चिडले तेव्हा त्याने मुदत घातली. येत्या पोंगलपर्यंत तुम्ही तुमच्या डोळ्यांनी शेत बघून मला काय ते सांगायला लागलात तर मी विक्रीचं नाव काढणार नाही, म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने हे बोलावं, याचा मला आला तो राग वेगळाच, पण मुदत ती मुदत.

म्हणून मी क्वाड शोधून काढली. चार फुगीर चाकं, वर मोटरसायकलसारखी सीट आणि हँडल, चिखल असो वाळू असो, बिनबोभाट जाते. कोडैकानलच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमध्ये पर्यटकांना फिरवायला ठेवलेली होती. तिला गिअर टाकावे लागत नाहीत. पायाचा ब्रेक होता तो मी हँडलवर आणून दिला. अण्णा पहिल्यांदा तिच्यावर बसून शेवटच्या तुकड्यापर्यंत गेले तेव्हा लावणी चालू होती. मी मागे बसले होते. ते बराच वेळ नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले की उत्तरेच्या कोपऱ्यात रोपं फार दाट लावलीत. गड्याला हाक मारून तिथल्या तिथे उपटायला लावली. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

गाडीत एक खोड होती. चढ आला की धापा टाकायची. कारण मला आल्या दिवसापासून ठाऊक होतं. सीटखाली एअर फिल्टरचा डबा असतो, त्यात फोमचा फिल्टर, आणि त्या फोमवर डोंगरातली वर्षानुवर्षांची धूळ बसली होती. फोम काढायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, मग साबणाच्या पाण्यात, वाळवून तेल चोळायचं आणि परत बसवायचा. तासाभराचं काम. दिवाळीआधी दुकानात मला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून म्हटलं, दिवाळी झाली की करते. तेवढीच माझी चूक असती तर मी आज इतकी धुमसत बसले नसते.

दिवाळीला जावई आले. अण्णांच्या मुलीचा पहिला दिवाळसण. तमिळ लोकही पहिल्या दिवाळीला जावयाला डोक्यावर घेतात, आम्ही मराठी लोकही घेतो, आणि आमच्या घरात दोन्हीकडचं एकत्र होतं, म्हणजे डोक्यावरून खाली उतरवायची सोयच नाही. जावई पुण्याचे, इंजिनिअर. इमारतींचे नव्हेत, यंत्रांचे नव्हेत, कॉम्प्युटरचे. मुलगा वाईट नाही, हे मी रागातसुद्धा कबूल करते. हसतमुख, वाकून नमस्कार करणारा. आमचं मराठी ऐकून मात्र त्यांना फार गंमत वाटायची. तुम्ही बोलता तेव्हा ऐतिहासिक नाटक बघतोय असं वाटतं, म्हणायचे. वहिनी त्यावर लाजून हसायच्या, जणू कौतुकच झालं.

तर या जावयांनी येताना पुण्याहून एक खोका आणला होता. सासऱ्यांना भेट. त्यात निघाला एक उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर, लालभडक, आणि पुडीत मोठ्या भोकाचे जेट. त्यांनी आम्हां सगळ्यांना अंगणात बसवून समजावलं. डब्यामुळे इंजिनाची घुसमट होते. डबा काढून टाकायचा आणि हा फिल्टर थेट कार्बोरेटरला लावायचा. हवा वाढली की पेट्रोलही वाढवायचं, त्यासाठी जेट मोठा. पी हळद आणि हो गोरी. सगळं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं.

आता हे शर्यतीच्या मैदानावर खरंही असेल. पण तो डबा कुणी शोभेसाठी बसवलेला नसतो. तो उंचावर, तोंड वर करून बसवतात ते इंजिनाने श्वास पाण्याच्या आणि चिखलाच्या वरून घ्यावा म्हणून. आणि दिवाळी म्हणजे आमच्याकडे पावसाची सुरुवात. पुण्यात दिवाळीला पाऊस संपलेला असतो. इथे ईशान्येचा पाऊस तेव्हा नुसता उंबऱ्यावर येऊन उभा असतो, आणि एकदा लागला की पाट तुडुंब आणि बांधावरचं पाणी मांडीला लागतं. त्या पाण्यातून जायच्या गाडीचं नाक कापून खाली आणायचं? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुखणं होतं फोमचं आणि कापायला निघाले डबा.

हे सगळं माझ्या जिभेवर होतं. बोलले का? नाही. मूग गिळून बसले.

का, ते सांगते. आमच्या घरात जावयाचा हात धरत नाहीत. माझ्या आत्याच्या यजमानांनी एकदा आमच्या परसात विहिरीची जागा दाखवली. आजोबांना माहीत होतं की तिथे पाणी नाही, पाणाड्याने आधीच सांगून ठेवलं होतं. पण जावई म्हणाले, म्हणून आजोबांनी खणली. पाणी लागलं नाही. तर जावयांचा शब्द खाली पडू नये म्हणून आजोबांनी त्या कोरड्या विहिरीला दगडी कठडा बांधून घेतला. ती विहीर अजून आहे, अजून कोरडी आहे, आणि वहिनी नव्या नवरीला ती अभिमानाने दाखवतात. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही. बाकीच्या नऊ ग्रहांची इथे आजूबाजूला देवळं आहेत, दहाव्याचं आमच्या घरी.

जावयांनी सीट उघडली, हात मागे केला आणि म्हणाले, “पाना द्या, आत्या.”

आणि मी दिला. दुकानातून आणलेला माझा स्वतःचा पाना. अण्णा खुर्चीवर बसले होते, वहिनी दारात, भाची मोबाईलवर नवऱ्याचं चित्रण करत होती. डबा आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये रबराचा एक कोपर असतो, तो जुना झाल्यामुळे निघेना. जावयांनी ब्लेड घेतलं आणि मधोमध कापला. मग जेट बदलला, पेट्रोलचं माप राखणाऱ्या सुईची क्लिप सरकवली, आणि पेट्रोलच्या नळीतली छोटी जाळीसुद्धा उपटली, कारण म्हणे तिच्यामुळे पेट्रोल अडतं. जाळी गंज अडवते, पेट्रोल नव्हे. मी फडक्याने पाने पुसत राहिले. एकच पाना तीन-तीनदा पुसला असेल.

गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीतली कुत्री पळाली. जावयांनी डांबरी रस्त्यावरून स्वामीमलैपर्यंत फेरी मारली, आवाज असा की देवळातली घंटा ऐकू येऊ नये. सगळ्यांनी वा वा केलं. मीही मान हलवली. चौथ्या दिवशी जावई पुण्याला गेले आणि सहाव्या दिवशी पाऊस लागला.

अण्णांच्या लक्षात पहिल्याच फेरीत आलं होतं. बांधावरून हळूहळू जायचं असतं, आणि हळू चालवली की गाडी गुदमरायची, मग एकदम उसळी मारायची. एका पायाच्या माणसाने ती उसळी कशी सांभाळली देव जाणे. मला फोनवर एवढंच म्हणाले की जरा अडकतेय. मी म्हटलं, रविवारी येते. शुक्रवारी ते गेले आणि बांधावरच्या वाहत्या पाण्याच्या बरोबर मध्यावर गाडीने पाणी ओढलं आणि बंद पडली.

गडी त्या दिवशी आलेला नव्हता. मोबाईल भिजून गेलेला. कुबडी पाण्यात टेकवली तर चिखलात रुतून बसली. अण्णा त्या बंद गाडीवर मुसळधार पावसात दोन तास बसून होते. शेवटी पलीकडच्या केळीच्या बागेतल्या बायकांनी पाहिलं आणि माणसं बोलावून दोराने ओढून काढलं. घरी आल्यावर तीन दिवस ताप. एका शब्दाने कुणाला दोष दिला नाही. मला तो समजूतदारपणा बघवत नव्हता. माणसाने अशा वेळी शिव्या द्याव्यात, निदान भांडं तरी आपटावं.

गाडी टेंपोत घालून दुकानात आली. मी खोलली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. लाल फिल्टर भिजून चिखलाने भरलेला. कार्बोरेटरच्या वाटीत टाकीतला गंज. प्लग काजळीने काळाकुट्ट. सिलिंडरच्या आत बोट फिरवलं तर ओरखडे लागले, म्हणजे वाळू थेट आत गेली होती. दिवाळीत माझ्याच हाताने दिलेल्या पान्याने ही सगळी करामत झाली होती.

मी फोन उचलला तो पुण्याला लावायला. वहिनी समोर बसल्या होत्या, त्यांनी माझा हात धरला. नवा संसार आहे, म्हणाल्या, आपल्यामुळे पोरीला ऐकून घ्यावं लागेल, तू काही कळवू नकोस. आणि त्याच आठवड्यात जावयांचा फोन आला, गाडी कशी पळतेय विचारायला, तर वहिनींनी सांगितलं की झकास. अण्णा बाजूला ताप अंगावर घेऊन पडलेले आणि गाडी माझ्या दुकानात उघडी पडलेली, आणि म्हणे झकास. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

धाकट्याला मात्र बातमी पोचली. असल्या बातम्यांना पाय लागतात. त्याने कळवलं की जे झालं ते बरंच झालं, नसती जोखीम नको, पोंगलला येतो आणि बरोबर एका माणसाला घेऊन येतो. कसला माणूस, ते मी विचारलं नाही.

मग मी बाकीची कामं बाजूला सारली. सिलिंडर तंजावरला लेथवर पाठवला, नवा पिस्टन, नव्या रिंगा. जुना जेट कुठे गेला म्हणून वहिनींना विचारलं, तर त्यांनी देवघराच्या खणातून काडेपेटी काढून दिली. जावयांनी हातात दिला म्हणून हळदीकुंकवाच्या शेजारी जपून ठेवला होता. आणि डबा? तो परसात होता. वहिनींनी त्यात माती भरून कोथिंबीर पेरली होती. चांगली बोटभर वाढलीही होती. मी ती कोथिंबीर उपटली, डबा घासून स्वच्छ केला आणि दुपारी त्याच कोथिंबिरीचं सार झालं.

राहिला तो रबराचा कोपर. अर्धा तुकडा सापडला, अर्धा भंगारात गेला. त्या गाडीचा सुटा भाग कोइमतूरला नाही, चेन्नईला नाही, कुठेच नाही. डबा आणि कार्बोरेटर जोडायला तसल्याच वाकाची नळी हवी, नाहीतर डबा नुसता कोथिंबिरीलाच बरा. तेव्हा मला स्वामीमलैचे मूर्तिकार आठवले. मेणाचा आकार करायचा, त्यावर कावेरीची माती लिंपायची, तापवून मेण वाहू द्यायचं आणि त्या जागी धातू ओतायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यातल्या एका म्हाताऱ्याची मोपेड आमच्याकडे दुरुस्तीला येते. मी उरलेला तुकडा जुळवून लाकडाचा नमुना कोरून घेतला आणि त्यांच्याकडे नेला.

त्यांनी नमुना हातात फिरवला. नारळाच्या पानाची पट्टी घेतली, घड्या घालून घालून लांबी मोजली, जाडी मोजली, वाक मोजला. देवाच्या नाकाडोळ्यांचं माप घेतात तसंच. मला बरं वाटलं. पंधरा दिवसांनी ये म्हणाले.

पंधरा दिवसांनी गेले तर त्यांनी पिवळ्या रेशमी फडक्यात गुंडाळलेली वस्तू माझ्या हातात ठेवली. हात खाली गेला. पितळेचा कोपर, आरशासारखा झळाळणारा, माप केसाइतकंही चुकलेलं नाही, आणि आतून भरीव. ठार भरीव, वरवंट्यासारखा. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी विचारलं, भोक कुठे आहे. म्हाताऱ्याला माझ्यापेक्षा जास्त राग आला. आमच्या घराण्यात पोकळ काही ओतत नाहीत, म्हणाले. पूजेची मूर्ती भरीवच असते, पोकळ असतात त्या दुकानातल्या शोभेच्या. पोकळ हवं होतं तर सांगायचं होतं.

आता नळी पोकळ असते हे काय सांगायला हवं? मी वाद घातला, त्यांनी घातला, त्यांच्या सुनेने मध्ये पडून कॉफी आणली. शेवटी मी थकून खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. अण्णा, पाय, पाट, पोंगलची मुदत, सगळं. यातून गाडी श्वास घेते, म्हटलं. म्हाताऱ्यांनी तो भरीव कोपर पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले की म्हणजे ही मूर्ती नव्हे. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मातीचा गाभा करून त्यावर पातळ मेण चढवलं. भोगीच्या चार दिवस आधी नळी तयार झाली, आरपार उजेड दिसणारी. पितळ ताठ असतं आणि इंजिन थरथरतं, म्हणून दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवून मी पट्ट्या आवळल्या. नवा फोम कापून तेल लावून बसवला. जुना जेट, सुई जागेवर, नळीत जाळी. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि शहाण्यासारखी हळू आवाजात चालत राहिली.

भोगीला धाकटा आला. बरोबरचा माणूस पांढऱ्या कडक इस्त्रीत. आम्ही सगळे बांधावर गेलो. अण्णांनी कुबडी गाडीला बांधली, कुणाकडे न बघता बसले आणि निघाले. पाण्यापाशी मी डोळे मिटले, नुसता आवाज ऐकत राहिले. आवाज जड झाला, पण तुटला नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी पलीकडच्या काठावर पाणी निथळत चढत होती. इस्त्रीवाला अलीकडे चपला हातात घेऊन उभा होता. पुढे जायला त्याच्याकडे काही नव्हतं.

थोड्या वेळाने धाकट्याचा फोन वाजला. त्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

अण्णा म्हणाले, “पाटाच्या बाजूचं भात आडवं झालंय आणि खाली अजून घोटाभर पाणी आहे. गडी म्हणाला होता, काढलं. आज चर नाही मारला तर सडेल. तू त्या पाहुण्याला परत पाठव आणि फावडं घेऊन ये.”

धाकट्याने मुकाट्याने पँट वर दुमडली. शब्दाचा पक्का निघाला, एवढं श्रेय त्याला देते. विक्रीचा विषय त्या दिवशी संपला आणि आजवर निघालेला नाही.

संध्याकाळी ओसरीवर अण्णा आणि मी दोघंच होतो. जमीन वाचली होती, मला आनंद व्हायला हवा होता, पण दोन महिने कोंडलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. जावयांना मी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्यातल्या त्यात सौम्य. वहिनींना म्हटलं, पुण्याला म्हटलं, मोबाईल काढणाऱ्याला म्हटलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, “त्या दिवशी मी तुझ्याकडे तीनदा बघितलं. यंत्रातलं कळतं ते तुला. तू नको म्हणाली असतीस तर मी जावयांना थांबवलं असतं. तू पाने पुसत होतीस.”

मी म्हटलं, तुम्ही थोरले, तुम्ही बोलाल म्हणून मी थांबले. माझा राग कुठे ठेवायचा ते मला कळेना. इतके दिवस मी म्हणत होते की माहेरी माझ्या हाताला किंमत नाही, आणि हा माणूस माझ्याच तोंडाकडे बघत बसला होता. मूर्तिकार म्हाताऱ्याशी घातलेला वादही आठवला. त्यालासुद्धा मी सांगितलं नव्हतं, आणि वर त्यालाच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी पोंगल, आमची संक्रांत. अंगणात चूल मांडलेली, वहिनींनी दूध-तांदूळ चढवलेले. सकाळच्या गाडीने भाची आणि जावई आले. भाची काळी साडी नेसून, अंगावर हलव्याचे दागिने. जावई सगळ्यांच्या पाया पडले, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले की गोड बोला, आत्या. मग त्यांचं लक्ष क्वाडकडे गेलं. डबा परत लावलेला दिसला. कुणी लावला हा, हसत म्हणाले, आणि पिशवीतून एक नवा खोका काढला. या वेळी मोठा कार्बोरेटर. बसले, सीट उघडली, आणि हात मागे केला.

“पाना द्या, आत्या.”

वहिनी चुलीपाशी थिजल्या. अण्णांनी माझ्याकडे बघायच्या आत मी बोलले.

“हात लावू नका, जावईबापू. तुमच्या फिल्टरने पाणी ओढलं आणि अण्णा भर पावसात दोन तास पाटाच्या पाण्यात अडकून होते. डबा मी लावलाय. तो तिथेच राहील.”

जावई उठून उभे राहिले. हसू गेलं होतं. त्यांनी अण्णांकडे पाहिलं, कापलेल्या पायाकडे पाहिलं, मग वहिनींकडे, ज्यांनी फोनवर झकास म्हटलं होतं. चेहरा पार उतरला होता.

“मला कुणी सांगितलं का नाही?” ते म्हणाले.

मी तिळगूळ मुठीत धरून उभी होते. अण्णा जमिनीकडे बघत होते. चुलीवरचं दूध वर आलं आणि भांड्यावरून उतू जाऊ लागलं. तो क्षण आला की घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘पोंगलो पोंगल’ ओरडायचं असतं. त्या वर्षी आमच्याकडे कुणी ओरडलं नाही.